काही सापडलं नाही

निवृत्त माणसाला कोणी आपण होऊन काम दिलं की त्याने आधी संशय घ्यावा. शिक्षण खात्यातून फोन आला तेव्हा मीही तो घेतला. माझा जन्म प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात गेला. फाटलेली पानं चिकटवणं, चिकट हातांतून पुस्तकं परत घेणं आणि "बाई, डायनासोरचं आहे का?" या प्रश्नाला रोज नव्या उत्साहाने "आहे" म्हणणं, एवढंच मला येतं. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, "आता मुलं प्रकल्पाची माहिती ऑनलाइन शोधतात. त्यांच्यासाठी बनवलेले दोन डेटाबेस आमच्यापुढे आहेत. सगळ्या शाळांना त्यातला एकच द्यायचाय. कोणता, ते तुम्ही तपासून सांगा."

डेटाबेस म्हणजे शेवटी कपाटच, फक्त त्यावर धूळ बसत नाही. सात-आठ वर्षांच्या पोराला उघड्या इंटरनेटवर सोडणं म्हणजे भर चौकात सोडणं. म्हणून कोणीतरी निवडलेले, सोप्या भाषेतले लेख आणि चित्रं एका कुंपणात ठेवायची आणि पोराला म्हणायचं, आता यात हवं ते शोध. कल्पना चांगली आहे. पण कुंपण घालणाऱ्याने आत काय ठेवलंय हे बघायला कोणीतरी लागतं. मी हो म्हणाले. मुलांची काळजी वगैरे होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. आमच्या घरात दिवसभर फ्रिज सोडून कोणी आवाज करत नव्हतं.

हे गेल्यापासून घर म्हणजे दोन खोल्या, एक गॅलरी आणि मी. मुलगा, सून आणि नात दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर. त्यांनी कधी बोलावलं नाही असं नाही. पण बोलावणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं, हे या वयात बरोब्बर कळतं. फोनच्या बाबतीत मी कानाला खडा लावला होता. मधल्या वारी एकदा आपण होऊन फोन केला होता, तेव्हा सून मीटिंगमधून धावत बाहेर आली आणि "आई, बऱ्या आहात ना?" म्हणाली. मुलानेही गाडी बाजूला घेऊन तेच विचारलं. मी बरी होते. नुसतं बोलावंसं वाटलं होतं, पण ते सांगायची मलाच लाज वाटली. त्यानंतर फोन करायचा तो त्यांनीच, असं मी ठरवून टाकलं.

त्यांचा फोन रविवारी येई. मुलगा फोन नातीच्या तोंडासमोर धरी. ती "आजी, हाय" म्हणे, मी "जेवलीस का?" म्हणे, ती "हो" म्हणे. मग जी शांतता पसरे ती माझ्या मुलाला लहानपणापासून सहन होत नाही. "बरं मग, ठेवतो," तो म्हणे आणि ठेवी.

नातीला आम्ही भुंगा म्हणतो. तिसरीतली पोर, पण एकदा प्रश्न सुरू झाले की कानाभोवती नुसती गुणगुण. असं तिचा बाप सांगे. माझ्यापर्यंत त्यातला एकही प्रश्न येत नसे.

तर मी कामाला लागले. खात्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती. तिथे पूर्वी नकाशे ठेवत असावेत, कारण कोपऱ्यात ते अजून गुंडाळून उभे होते. खिडकीतून शेजारच्या लॉंड्रीची भिंत दिसे आणि भिंतीतल्या पाइपातून दिवसभर वाफ येत राही. दोन टेबलं होती. एकावर मी आणि दुसऱ्यावर मास्तर. मास्तर म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक. माणूस हुशार, पण चहा पिताना कपालाही काहीतरी शिकवत असल्यासारखा चेहरा करी. मॅडमचं केबिन समोर होतं. त्या बोलताना मनगटावरच्या घड्याळाशी बोलत, समोरच्या माणसाशी नाही.

डेटाबेसांची खरी नावं लांबलचक होती. मी त्यांना रंगांवरून निळा आणि पिवळा म्हणू लागले आणि सगळ्यांना तेच सोयीचं झालं. तपासायचं काय, ते मला पाठ होतं. लेख कोणी लिहिलाय, कधी लिहिलाय, तिसरीतल्या मुलाला तो अडखळल्याशिवाय वाचता येतो का, मधेच खेळण्याची जाहिरात तर डोकावत नाही ना, एखाद्या बटणावर बोट पडलं तर पोर कुंपणाबाहेर तर जात नाही ना. मास्तर आणि मी आपापल्या अनुभवातून विषय काढले आणि दोन्हींत टाकत गेलो. ज्वालामुखी, ग्रहण, मधमाशी, फुलपाखराचं जीवनचक्र. निळा पटापट उत्तरं देई. लेख नेटके, लेखकाचं नाव खाली, चित्रं स्वच्छ. लेख वाचून दाखवणारा एक आवाज होता, तो तर इतका प्रेमळ की मधमाशीचा लेख मी दोनदा ऐकला. मला आजकाल कोण वाचून दाखवणार?

पिवळा मात्र गबाळा. रंग भडक, बटणं ढोबळ, आणि ग्रहण विचारलं की सूर्य, चंद्र, सावली सगळं एकदम पुढ्यात टाकी. शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात, तशी आम्ही केली आणि निळ्याला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण दिले. मॅडम घड्याळाकडे बघून खूश झाल्या. "दोघांचंही एकमत आहे ना? मग पुढच्या बैठकीत निळा करून टाकू."

तो रविवार आला. मुलाने फोन धरला, नातीने "आजी, हाय" म्हटलं, मी जेवणाचं विचारलं, ती हो म्हणाली. शांतता पसरली. मुलाचं "बरं मग" आता येणार हे मला ऐकू येत होतं, आणि कुठून सुचलं कोण जाणे, मी एकदम म्हणाले, "भुंग्या, थांब. मला माझ्या कामात तुझी मदत पाहिजे."

"कसली?" तिचा आवाज एकदम जवळ आला. बापाच्या हातातून फोन घेतला असणार.

"मी एक कॉम्प्युटर तपासतेय. त्याला सगळं येतं म्हणे. तू त्याला काहीतरी विचार, मी इथे लिहिते."

"काहीपण?"

"काहीपण."

तिने जराही विचार केला नाही. जणू प्रश्न जिभेवर तयारच होता. "मासे डोळे उघडे ठेवून झोपतात, तर त्यांना स्वप्न दिसतं की समोरचं दिसतं?"

घरच्या लॅपटॉपवर निळा उघडून मी त्यात तो प्रश्न जसाच्या तसा लिहिला. निळा क्षणभर थबकला आणि म्हणाला, काही सापडलं नाही, शब्द तपासा. मी "मासे" आणि "झोप" असे दोनच शब्द टाकले, तर हा मोठा सुंदर लेख पुढे. म्हणजे त्याच्याकडे सगळं होतं. पण त्याला सुटे, निवडलेले शब्द लागत होते, माझ्यासारखे, मास्तरांसारखे. मुलांचा प्रश्न असा सुटा येत नाही. तो सगळाच्या सगळा येतो, शेपटीसकट. मी कपाट तपासलं होतं ते किल्ली हातात घेऊन. किल्ली नसलेल्याला ते उघडतं का, हे बघितलंच नव्हतं.

मग तोच प्रश्न पिवळ्यात टाकला. त्याने माशांचा लेख काढला आणि माशांना पापण्या नसतात तिथे नेऊन सोडलं. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग रडताना काय करतात?"

त्या दिवशी मुलाला "बरं मग" म्हणायला संधीच मिळाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून भुंगा शाळेतून आली की फोन करू लागली. तिच्यासाठी ते ऑफिसचं काम होतं आणि ती ते ऑफिसातल्या माणसांपेक्षा नेमाने करी. गोगलगाईला घराचा कंटाळा आला तर ती घर बदलते का? सावलीला वजन असतं का? जगातल्या पहिल्या माणसाला तो चालायला लागल्यावर शाबास कोण म्हणालं? मी लिहीत जाई, दोघांची उत्तरं वाचून दाखवी, आणि आम्ही दोघी मिळून गुण देत असू. निळ्याला ती "नाकवर बाई" म्हणे, कारण त्यांच्या शाळेत नाक वर करून चालणारी एक बाई होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं मी म्हटलं, तर तिला ते इतकं आवडलं की तिने ते त्या बाईंनाच ऐकवलं. त्यावरून सुनेला शाळेत जावं लागलं.

सूनबाई फोनवर म्हणाली, "आई, दप्तर टाकते आणि आधी तुमचा नंबर लावते. तुम्हाला त्रास होत नाही ना?"

"कामाचंच आहे," मी ताठ आवाजात म्हणाले.

त्रास! मी ऑफिसातून लवकर निघू लागले होते. घरी येऊन चहा टाकायचा, लॅपटॉप उघडून ठेवायचा, आणि फोनवर चेहरा दिसत नसतानाही केस विंचरायचे. प्रश्नांच्या मधूनमधून बाकीचंही कळे. पुढचा दात पडला. पोहायला जायला लागली. एका बाकावर बसणारी मैत्रीण दुसऱ्या शाळेत गेली आणि आता तिच्या शेजारी कोणी बसत नाही. हे शेवटचं तिने गोगलगाईच्या आणि सावलीच्या मधे, घाईघाईने सांगितलं. आपणही असंच करतो. दुखणारी गोष्ट भाजीच्या भावात मिसळून सांगून टाकतो.

त्याच आठवड्यात तिने विचारलं, "मी घरी असते तेव्हा माझा बाक काय करतो?"

निळ्याकडून अपेक्षाच नव्हती. मी पिवळ्यात लिहिलं. पडद्यावर एक रडणारं अस्वल आलं. डोळ्यांतून निळे थेंब गळत होते आणि खाली लिहिलं होतं, "अरेरे! काही सापडलं नाही. चूक सुधारून पुन्हा विचार!" मी नुसतं "नाही गं, इथे नाही" म्हणायला हवं होतं. पण सवयीने जे होतं ते वाचून दाखवलं.

पलीकडून ती हळूच म्हणाली, "आजी, मी काय चूक केली?"

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी तो डोक्यात गेला. एवढी वर्षं मी मुलांमध्ये काढली, एकाही मुलाला मी "अरेरे" म्हटलेलं नाही. पुस्तक नसेल तर मी म्हणे, हे माझ्याकडे नाही, पण चल, कोणाकडे असेल ते बघू. मुलाने इतका मोठा, इतका एकटा प्रश्न विचारावा आणि त्याच्यापुढे अस्वल रडवावं? माझ्या मते हीच खरी परीक्षा. जवळ उत्तर असताना कोणीही शहाणा दिसतो. जवळ काही नसताना तो मुलाशी कसा बोलतो ते बघावं.

बैठकीच्या दिवशी मी चालत निघाले आणि वाटेत मनात एक चोर शिरला. भुंगाची शाळा याच खात्याची. उद्या निळा सगळीकडे लागला तर तिच्या शेपटीवाल्या प्रश्नांना तो रोज नाहीच म्हणणार, आणि ती रोज मला फोन करणार. पिवळा लागला तर पोरीला सगळं तिथेच मिळेल. मग आजी कशाला? निळा सगळ्यांनाच हवा होता. मला खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. लॉंड्रीपाशी मी थांबले. आत एक बाई कोणाच्यातरी चादरी घड्या घालत होती. खरं सांगते, गप्प बसायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

बैठकीत मॅडम म्हणाल्या, "मग निळा. कोणाची हरकत?" मास्तरांनी मान हलवली. मी मोठ्या पडद्याकडे बघितलं आणि मला त्या पडद्यापुढे दुसऱ्याच कुठल्यातरी शाळेतली, शेजारी कोणी नसलेली एखादी पोर दिसली, जिला फोन करायला कोणी नव्हतं. माझं तोंड उघडलं.

"माझी आहे," मी म्हणाले. "गुण मीच दिले आणि ते चुकीचे दिले."

मग मी भुंगाचे प्रश्न एकेक करून पडद्यावर टाकले. निळा सापडलं नाही, सापडलं नाही म्हणत गेला. मास्तर चिडले. "बाई, मुलांनी नीट शब्द वापरायला शिकायला नको का?"

"शिकतील की. पण शिकायला आधी आत तर आली पाहिजेत. दारातच शब्द मागितला तर परत जातील."

मास्तर स्वतः उठले आणि त्यांनी लिहिलं, "पाणी ओलं का असतं." निळ्याला ते सापडलं नाही. पिवळ्याला सापडलं. "हे मला एका मुलाने विचारलं होतं," ते म्हणाले आणि कपाकडे न बघता चहा प्यायले.

काही शाळांतल्या मुलांना प्रत्यक्ष बसवून पुन्हा तपासणी झाली. पिवळा ठरला. मी एकच अट घातली होती, ते अस्वल जायला हवं. त्या जागी काय लिहायचं ते मीच लिहून दिलं. "याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुझा प्रश्न चांगला आहे. आजीला किंवा आजोबांना विचार." मॅडमनी पहिल्यांदाच घड्याळ सोडून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "सगळ्या मुलांना आजी नसते हो." सगळ्या आज्यांना नात तरी कुठे असते, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्यांचं बरोबर होतं. मी आजी आणि आजोबा खोडले आणि लिहिलं, "एखाद्या मोठ्या माणसाला विचार."

नवं सत्र सुरू झालं आणि पिवळा शाळाशाळांत लागला. घरच्या कॉम्प्युटरवरही मुलांना तो उघडता येई. पहिल्याच दिवशी भुंगाचा फोन आला, आनंदाने नुसती उकळत होती. "आजी, तुझं पान! मी मुद्दाम उलटसुलट काहीतरी लिहिलं आणि तुझं पान आलं! मी सगळ्यांना सांगितलं की हे माझ्या आजीने लिहिलंय. नाकवर बाईंना पण."

"काय लिहिलंय त्यात, वाचलंस ना?"

"पाठ आहे मला. आधी इथे शोधायचं. नाहीच सापडलं तर मोठ्या माणसाला विचारायचं."

"शहाणी माझी," मी म्हणाले.

मग एक दिवस फोन आला नाही. पोहायला गेली असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी आला, पण "आजी, आज सगळं सापडलं, बाय" एवढाच. मग आठवड्यातून एखादा. मग तोही नाही. रविवारचा फोन चालू होता. "आजी, हाय." "जेवलीस का?" "हो." "बरं मग, ठेवतो." मी स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता आणि त्याबद्दल खात्याने मला एक कुंडीतलं झाड दिलं होतं. नकाशांच्या खोलीला कुलूप लागलं. मास्तर एकदा रस्त्यात भेटले. आम्ही लॉंड्रीबद्दल बोललो, कारण दुसरं काही सामाईक उरलं नव्हतं.

चांगलं काम केल्याचं समाधान असतं म्हणतात. मला नव्हतं. मला राग येई, आणि तोही कोणावर, तर आठ वर्षांच्या पोरीवर. गरज सरो, वैद्य मरो, असं मी त्या झाडाला म्हणे. केस मात्र रोज विंचरत असे. चहा दोन वेळा गरम करून तिसऱ्यांदा ओतून देत असे.

एका दुपारी अशीच बसले होते. लॅपटॉप उघडा होता. माझं तपासनिसाचं लॉगिन अजून कोणी बंद केलं नव्हतं. सरकारी आळसाचा एवढा एक फायदा. मी पिवळा उघडला आणि चिडून, पण एकही चूक न करता लिहिलं, "माझी नात मला फोन का करत नाही."

तो जरा शोधत राहिला. मग माझंच पान माझ्यापुढे आलं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुझा प्रश्न चांगला आहे. एखाद्या मोठ्या माणसाला विचार.

मी खरंच मान वर करून खोलीत बघितलं. यांची खुर्ची होती, तिच्यावर इस्त्रीचे कपडे होते. दाराला कडी होती. फ्रिज गुरगुरत होता. या घरात मोठं माणूस म्हणजे मीच होते, आणि मला तर काही माहीत नव्हतं. इतकं एकटं मला हे गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरात माणसं होती.

मोठं माणूस नाही तर नाही. मी फोन उचलला आणि कानाचा खडा काढून टाकला. घंटा वाजत राहिली. सुनेने घेतला आणि घाबरून म्हणाली, "आई? काय झालं? बऱ्या आहात ना?"

"बरी आहे," मी म्हणाले. "काही झालेलं नाही. नुसतं बोलायचंय. भुंगा आहे का?"

सुनेने हाक मारली, "अगं, आजीचा फोन!" आणि पलीकडून इतक्या जोरात धावत आल्याचा आवाज आला की काहीतरी खाली पडलं.

"आजी?"

आढेवेढे मला जमत नाहीत. "तू मला फोन का करत नाहीस?"

"कारण सापडतं!" ती जवळजवळ ओरडली. "सगळंच सापडतं! तू लिहिलंयस ना, सापडलं नाही तरच मोठ्या माणसाला विचारायचं. मी रोज शोधते, आजी. उलटसुलट लिहिलं तर तुझं पान येतं, पण तो खरा प्रश्न नाही ना. म्हणून रोज मी असं खरंखुरं काहीतरी टाकते जे त्याला येणार नाही. दोन-तीनदा टाकते. पण मेल्याला सगळं येतं."

मी यांच्या खुर्चीच्या हाताला धरलं.

"परवा मी टाकलं, आजीला कोणता प्रश्न येत नाही. म्हटलं, हे तर नसेलच. तर आजी-आजोबांवर अख्खा लेख आला! चित्र पण होतं. तुझ्यासारखं अजिबात नव्हतं." तिचा आवाज बारीक झाला. "मग मी म्हटलं, आता काही उपयोग नाही."

ती तिकडे माझं पान शोधत बसली होती, फोन करायची परवानगी म्हणून. आणि मी इकडे तिच्यावर रागावून झाडाला म्हणी ऐकवत होते. नियम माझाच होता. मीच लिहिला, मीच वर शाबासकी दिली.

"भुंग्या," मी म्हणाले, "ते पान माझं चुकलं. सापडलं तरी फोन करायचा."

"पण मग काय विचारायचं? सगळं माहीत असेल तर?"

"काही नको विचारूस."

"मग काय बोलायचं?"

"नाही बोलायचं."

तिने यावर विचार केला. शाळेत आता शेजारी कोणी बसतं का, हे मला विचारायचं होतं, पण मी विचारलं नाही. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग कसलंतरी पुडकं फाडल्याचा. आम्ही दोघीही गप्प होतो. कोणीही "बरं मग" म्हणालं नाही. ती बिस्किट खात होती आणि ते मला इथे ऐकू येत होतं.